ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो?

महिला उद्योजकांचे घोडे कुठे अडते, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: कौशल्य कमी पडते. मग प्रशिक्षण आखले जाते. संवाद, आत्मविश्वास, जोखीम घेण्याची तयारी, विपणन असे विषय ठरतात, ८ मार्चच्या आगेमागे नाशिकची सभागृहे भरतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. शिबिरे भरवणाऱ्यांची तळमळ खरी असते, याबद्दल शंका नाही. पण निदानच चुकले आहे, आणि त्याची किंमत वर्षानुवर्षे त्याच बायका मोजत आहेत, हे आता ठासून सांगायला हवे.

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात द्राक्षबागेच्या डिपिंग-थिनिंगला टोळी घेऊन जाणारी बाई पाहा. किती एकर, किती बाया, किती दिवस, काम उक्ते घ्यायचे की रोजाने, उचल किती मागायची, हे सगळे ती बांधावर उभ्या उभ्या ठरवते. पाऊस येऊन काम लांबले तर खाडा कुणाच्या अंगावर, हेही आधीच बोलून घेते. एप्रिल-मेमध्ये पापड-कुरडयांची कामे घेणारी ताई वीस घरांच्या ऑर्डरी, गहू भिजवण्याचे दिवस, उन्हाचा अंदाज आणि हाताखालच्या चार जणी यांचे गणित डोक्यात ठेवते. बचत गटाची सचिव झालेली, सातवी शिकलेली बाई गटात कुणाचा हप्ता का थकला, तिला किती ताणायचे आणि कुठे थांबायचे, हे नेमके जाणते. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ज्याला नियोजन, वाटाघाटी आणि जोखीम म्हणतात, ते याहून वेगळे काय असते?

तरीही देशाच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात २०२३-२४ साली काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ३७ टक्क्यांची नोंद घरच्या उद्योगातील मदतनीस अशी झाली. शेतात, दुकानात, मागावर राबणाऱ्या, पण ना मजुरी मिळणाऱ्या ना मालकी असणाऱ्या अशा या स्त्रिया. येवल्याला पैठणीच्या घरात जा. रेशीम उकलणे, कांड्या भरणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या बायकांची. आता कित्येक जणी स्वतः मागावर बसतात. पदरावरचा मोर आणि मुनिया त्यांच्या बोटांतून उतरते. पण व्यापाऱ्याशी भावाचे बोलणे कोण करते आणि पैसे कुणाच्या खात्यात पडतात, असे विचारले की बहुतेक घरांत पुरुषाचेच नाव पुढे येते.

एक कौशल्य मात्र खरोखर कमी पडते, आणि ते शिकवणारे फार थोडे आहेत. ते म्हणजे स्वतःच्या श्रमाला भाव लावणे. हिशेबासाठी कांदा-लसूण मसाल्याचा दहा किलोंचा एक घाणा घेऊ. मिरची, धने, खोबरे, तीळ, कांदा, लसूण, खडा मसाला, तेल, मीठ मिळून समजा ३,९०० रुपये. कांडपाचे ४००. पाकिटे आणि लेबले ३००. रिक्षा आणि गॅस २००. एकूण ४,८०० रुपये. शेजारच्या स्टॉलवर साडेपाचशे रुपये किलो आहे म्हणून हिनेही तोच भाव लावला. दहा किलोंचे ५,५०० आले. ७०० रुपये सुटले, म्हणून समाधान वाटले. आता मिरचीची देठे खुडणे, ती उन्हात घालणे, कांदा चिरून वाळवणे, लसूण सोलणे, खोबरे भाजणे, कांडपाच्या गिरणीत नंबर लावून बसणे, चाळणे, तोलून पाकिटे भरणे, यात दोघी जणींचे दीड-दीड दिवस गेले. तीन रोज झाले. दिवसाला ४०० रुपये धरले तरी १,२०० रुपये होतात. म्हणजे ७०० सुटले नाहीतच, उलट ५०० पदरचे गेले. आणि या भावाने माल जितका अधिक खपेल तितकी ही तूट वाढत जाईल.

बायकांना हिशेब येत नाही म्हणून असे होते, हे खरे नाही. किराण्याच्या यादीतली पाच रुपयांची चूक त्या पकडतात. पण ज्या कामाचे पैसे आयुष्यात कुणी कधी दिलेच नाहीत, त्या कामासाठी वहीत रकाना आखायचे सुचणार कसे? गंगापूर रोडवर डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर प्रदर्शने भरतात, तेव्हा आपण गिऱ्हाईक म्हणून तिथे काय बोलतो, तेही आठवून पाहावे. मॉलमध्ये छापील किमतीला मान डोलावणारे आपण स्टॉलवरच्या ताईंना म्हणतो, ‘घरचंच तर आहे, अजून थोडं कमी करा.’ घरचे म्हणजे फुकटचे, हा हिशेब आपणच तिच्या मनात पक्का करतो. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, ही गोष्ट शिबिरांत नेहमी सांगितली जाते. त्या संस्थेच्या कामाची पद्धत मात्र सांगितली जात नाही. पीठ तोलून न्यायचे, लाटलेले पापड तोलून द्यायचे, लाटण्याची मजुरी हातात घ्यायची. नफ्याचा विचार त्यानंतर. मजुरी आधी वजा करण्याची ही शिस्त जिथे आहे, तिथेच बाईच्या श्रमातून धंदा उभा राहतो. कोणत्याही शिबिराचा पहिला तास या एका रकान्यासाठी ठेवावा. आत्मविश्वासावरचे व्याख्यान नंतर झाले तरी चालेल.

पण रकाना आखून झाला, भावही नीट लावला, तरी धंदा वाढेलच असे नाही. २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशभरात स्त्रियांच्या मालकीच्या सुमारे ८० लाख आस्थापना मोजल्या गेल्या. एकूण आस्थापनांच्या त्या पावणेचौदा टक्के होत्या. त्यांपैकी ८३ टक्क्यांहून अधिक ठिकाणी पगारी माणूस एकही नव्हता, आणि सुमारे ७९ टक्के आस्थापना स्वतःच्याच पैशावर चालत होत्या. मुद्रा योजनेत दोन तृतीयांशांहून अधिक खाती स्त्रियांची आहेत, हे अभिमानाने सांगितले जाते. पण त्यातली बहुतांश कर्जे ५० हजारांच्या आतल्या शिशु गटातली. रकमेत स्त्रियांचा वाटा खात्यांइतका नाही. सुरुवात करणाऱ्या पुष्कळ आहेत. दुसरी पायरी चढणाऱ्या का थोड्या, हा प्रश्न आहे.

याचे उत्तर शोधणारे एक संशोधन आपल्या धोरणकर्त्यांनी जरूर वाचावे. श्रीलंकेत २००५ च्या सुमारास छोट्या व्यावसायिकांना परत न करण्याच्या बोलीवर भांडवल देऊन पाहण्यात आले. पुरुषांच्या धंद्यातला नफा चांगला वाढला, बायकांचा जवळपास वाढलाच नाही. बायकांची व्यावसायिक कुवतच कमी, असा अर्थ यातून काढणे सोपे होते, आणि काहींनी तो काढलाही. पुढे २०१९ मध्ये एरियल बर्नहार्ट, एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि नतालिया रिगोल या चार अर्थतज्ज्ञ स्त्रियांनी श्रीलंका, घाना आणि भारत येथील आकडेवारी पुन्हा तपासली. त्यांनी एक साधी गोष्ट विचारात घेतली: त्या घरात आणखी कुणाचा धंदा आहे का? घरात नवऱ्याचा धंदा असेल तर बाईच्या नावाने आलेले भांडवल तिकडे वळते, आणि जिथे घरात तिचा एकटीचाच धंदा असतो तिथे तिच्या पैशाला पुरुषांइतकाच परतावा मिळतो, असे दिसून आले. म्हणजे कुवत तीच होती. पैसा तिच्या धंद्यात पोचलाच नव्हता.

आपल्याला हे कळायला परदेशी नियतकालिक उघडावे लागू नये. बचत गटाच्या कर्जातून घरात काय आले, असे कोणत्याही वस्तीत विचारा. ठिबकच्या नळ्या आल्या, रिक्षाचा हप्ता भरला, दिराच्या दुकानात माल भरला. यात कुणाची लबाडी असते असे नाही. घर एकच असते, आणि ज्या धंद्यातून लवकर पैसा फिरेल तिथे तो घालणे शहाणपणाचेच वाटते. पण हप्त्यासाठी गटाच्या बैठकीत मान खाली घालून बसावे लागते ते तिला, आणि दोन वर्षांनी मोठे कर्ज मागायला ती बँकेत जाते तेव्हा तिच्या नावावर दाखवण्यासारखी उलाढाल नसते. परतफेड तिची आणि पत वाढते त्याच्या धंद्याची.

कागदपत्रांची तीच कथा आहे. उद्यम नोंदणी, जीएसटी, चालू खाते, सरकारी खरेदीच्या पोर्टलवरची नोंद, प्रत्येक ठिकाणी मोबाइल नंबर लागतो. फॉर्म भरून देणारा विचारतो, ‘ताई, मोबाइल नंबर सांगा.’ आणि ताईंच्या मागे उभा असलेला नवरा, भाऊ किंवा मुलगा आपला नंबर सांगतो. सोयीसाठीच सांगतो. ‘तुला कुठे सारखं बघायला वेळ आहे?’ हे त्याचे म्हणणेही खरेच असते. पण त्या क्षणापासून पैसे आले, पैसे गेले, विवरणपत्राची मुदत संपत आली, निविदा निघाली, नोटीस आली, हे सगळे निरोप त्याच्याकडे जातात. तिला कळते ते त्याने सांगितले तर, आणि सांगितले तेव्हा. एखादा उद्योग खरोखर बाईचा आहे की नाही हे ठरवायला भागभांडवलाचे करार तपासण्याआधी एवढेच विचारावे: ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो?

महाराष्ट्राने डिसेंबर २०१७ मध्ये महिला उद्योजकांसाठी स्वतंत्र धोरण आणले. राज्यातल्या उद्योगांत महिलांचा वाटा ९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. उद्योग पूर्णपणे महिलांच्या मालकीचा असावा, अशी अटही होती. हेतू चांगला, पण मालकी म्हणजे कागदावरची मालकी एवढाच अर्थ धरला की काय होते, ते सातपूर-अंबडच्या वसाहतींत कुणालाही विचारावे. प्रोप्रायटर पत्नी, आणि कारखान्याचा व्यवहार संपूर्ण नवऱ्याच्या हातात. तिला कारखान्याचा पत्ता ठाऊक असतो, वीजबिलाचा आकडा ठाऊक नसतो. आणि त्याच वसाहतीत स्वतः लेथवरच्या कामाचा दर काढणाऱ्या, मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात जाऊन बसणाऱ्या ज्या थोड्या बायका आहेत, त्यांना प्रत्येक ठिकाणी आधी हे सिद्ध करावे लागते की आपण नावापुरत्या नाही. खोट्या मालकीचा दंड खऱ्या मालकिणीला बसतो.

याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत क्लेशकारक उदाहरण आपल्या राज्यात घडून गेले आहे. अंगणवाडीतल्या मुलांचा आहार ठेकेदारांकडून घेऊ नये, तो गावपातळीवरच्या महिला मंडळांकडून, बचत गटांकडून घ्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये दिला. गावोगावच्या लाखो बायकांसाठी हमखास बाजारपेठ उघडणारा हा आदेश होता. मुलांना ताजे अन्न आणि बायकांना रोजचे काम, दोन्ही त्यातून साधले असते. प्रत्यक्षात राज्यातल्या पुरवठ्याचा मोठा भाग मोजक्या महिला संस्थांच्या नावाने गेला. न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या कार्यालयाने २०१२ मध्ये अहवाल दिला, त्यात या संस्थांच्या आडून खासगी कंपन्याच काम करत असल्याचे म्हटले होते. पुढच्या निविदेत उलाढालीच्या आणि यंत्रसामग्रीच्या अटी अशा घातल्या गेल्या की खऱ्या बचत गटाला अर्जसुद्धा करता येऊ नये. गट न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निविदा प्रक्रिया रद्द केली. मधली पंधरा वर्षे मात्र कुणी परत आणून देणार नाही. त्या पंधरा वर्षांत एखाद्या आदिवासी पाड्यावरच्या गटाने रोज शंभर मुलांचा आहार शिजवला असता, तर आज त्या गटाकडे पंधरा वर्षांचा अनुभव, बँकेतली पत आणि दोन-चार पगारी माणसे असती. कौशल्य असे कामातून येते. काम काढून घ्यायचे आणि मग कौशल्य नाही म्हणून शिबिर भरवायचे, हा अन्याय आहे.

नाशिक जिल्ह्याने या प्रश्नाच्या मुळाला एकदा हात घातला होता, याचा आपल्याला विसर पडला आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला, अहिल्यादेवींच्या रंगमहालाच्या गावी, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन भरले. लाखावर बायका आल्या. डोक्यावर पदर, काखेत भाकरीचे गाठोडे, आणि चर्चा होती ती स्वतःच्या कष्टाची आणि स्वतःच्या मालकीची. शरद जोशींच्या ‘चांदवडची शिदोरी’ या पुस्तिकेत त्या मांडणीचे सार आले आहे. त्यातून पुढे, १९९० च्या सुमारास, लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. सरकारकडे कर्जमुक्ती मागण्याआधी शेतकऱ्याने घरच्या लक्ष्मीचे ऋण फेडावे, जमिनीचा तुकडा तिच्या नावे करावा, असे आवाहन होते. आणि अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी ते मानले. तलाठ्याकडे जाऊन सातबारावर बायकोचे नाव चढवले. शासनानेही १९९२ मध्ये त्या नावाने परिपत्रक काढून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. त्याच विचारातून जोशींनी माजघरशेती मांडली. शेतात पिकलेल्या मालावर घरच्या माजघरात प्रक्रिया व्हावी आणि त्याचे मोल घरातल्या बाईच्या हाती राहावे, अशी ती कल्पना. आज अन्नप्रक्रिया उद्योगाच्या नावाने ज्या योजना येतात, त्यांचे बीज इथल्या मातीत चार दशकांपूर्वी पडले होते.

आमच्या दृष्टीने लक्ष्मीमुक्तीचे महत्त्व उद्योजकतेसाठी आजही तेवढेच आहे. छोट्या कर्जाला तारण लागत नाही हे खरे. पण त्यापुढचा टप्पा आला, यंत्र घ्यायचे, गाळा घ्यायचा झाला, की शाखाधिकारी विचारतो, ‘तुमच्या नावावर काय आहे?’ २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीधारकांत स्त्रिया सुमारे १४ टक्के आहेत. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्येच केला, केंद्राच्या ११ वर्षे आधी. तरी दर वर्षी किती बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून, साडीचोळी घेऊन माहेरहून परततात! भावाशी संबंध तुटू नयेत म्हणून त्या सही करतात, हे समजू शकते. पण त्या एका सहीने तिचे तारण जाते, आणि मग तिचा धंदा कायम ५० हजारांच्या आत राहतो. उद्योजकता विकासाच्या कार्यक्रमांत हक्कसोडपत्राचा विषय आम्ही अजून ऐकलेला नाही. तो पहिल्या दिवशी यायला हवा, आणि त्या दिवशी भावांनाही बोलवायला हवे.

कागद आणि कुवत यांचा संबंध सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांनी फार चांगला दाखवून दिला आहे. चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. प्रवर्तक बायकांत अनेक जणी अंगठा उठवणाऱ्या होत्या. काही महिन्यांत त्या लिहायला-वाचायला शिकून परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याजाचे गणित घाला, आम्ही तोंडी सोडवतो, तुम्ही यंत्रावर सोडवा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. व्याजाचे गणित त्यांना आधीपासूनच येत होते. अडत होते ते फक्त सहीसाठी.

शिकवण्याला आमचा विरोध नाही, हे पुन्हा सांगतो. कसे शिकवावे याबद्दलही काही ठाऊक झाले आहे. अहमदाबादच्या ‘सेवा’ बँकेच्या खातेदार स्त्रियांना दोन दिवसांचे व्यवसाय-प्रशिक्षण देण्यात आले, त्यात काही जणींना मैत्रिणीला सोबत आणायची मुभा होती. ज्या मैत्रिणीसह आल्या त्यांनी पुढे धंद्यासाठी अधिक कर्जे घेतली, त्यांच्या कामाचा व्याप वाढला. एकट्या आलेल्यांत तसा फरक दिसला नाही. घरातून बाहेर पडण्यावर ज्यांच्यावर अधिक बंधने, त्यांना सोबतीचा अधिक उपयोग झाला. नाशिकला हे करायला पैसाही लागत नाही. पंचवटीतली ताई आणि तिची शेजारीण एकाच शिबिराला एकत्र आल्या, तर घरी परतल्यावर नवा विचार टिकवून धरायला दोघी असतात. तसेच मध्य प्रदेशात मनरेगाची मजुरी थेट बायकांच्या स्वतंत्र खात्यात जमा केली आणि खाते वापरायला शिकवले, तेव्हा त्यांचे घराबाहेर कामाला जाणे वाढले, असाही अनुभव आहे. जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’च्या निमित्ताने राज्यातल्या बायकांची आधारशी जोडलेली स्वतःची खाती चालती झाली आहेत. त्या खात्यांना त्यांचाच मोबाइल नंबर जोडून देण्याची मोहीम बँकांनी आणि बचत गटांच्या ताईंनी मिळून घेतली, तर ते काम शंभर शिबिरांच्या तोडीचे होईल.

आणखी एक ठिकाण आहे जिथे चांगला चाललेला धंदा बसतो: उधारी. दुकानदार माल ठेवून घेतो, ‘विकला की देतो’ म्हणतो, आणि तीन-तीन महिने फिरवतो. बाईने चार वेळा फोन केला की तिला तोंडाळ ठरवतो. कायदा मात्र तिच्या बाजूचा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यानेही चाप लावला आहे. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही. पण हे हत्यार उद्यम नोंदणी असणारीच्याच हाती येते. म्हणून ही नोंदणी अनुदानाच्या अर्जापुरती नाही, वसुलीसाठी आहे, हे गटागटांत जाऊन सांगितले पाहिजे. बिलाच्या खाली नोंदणी क्रमांक आणि ‘४५ दिवसांत रक्कम देय’ एवढी ओळ छापली, तरी फरक पडतो.

हे सगळे आत्ता बोलायचे कारण सिंहस्थ आहे. जाहीर वेळापत्रकानुसार ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ रोजी पहिले अमृतस्नान. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला येणाऱ्या भाविकांसाठी जेवण, फराळ, कापडी पिशव्या, गणवेश, स्वच्छता, चादरी धुणे, मुक्कामाची व्यवस्था, अशी हजारो कामे निघणार आहेत. यातले जवळपास प्रत्येक काम नाशिकच्या बायकांना आजही येते. केंद्राच्या खरेदी धोरणात सूक्ष्म व लघु उद्योगांकडून २५ टक्के आणि त्यातच महिलांच्या उद्योगांकडून ३ टक्के खरेदी बंधनकारक आहे. २०१८ पासूनची ही तरतूद ओझरच्या एचएएलला आणि नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यांना लागू होते. महापालिकेला आणि कुंभमेळा प्राधिकरणाला ती तशी लागू नाही. त्यांनी ती स्वतःहून स्वीकारावी, आणि ३ टक्क्यांवर न थांबता फराळ, शिवण आणि धुलाईच्या कामांत बरेच पुढे जावे, अशी आमची मागणी आहे.

पण अंगणवाडीच्या आहाराचे जे झाले ते इथे होऊ द्यायचे नसेल, तर कामे प्रभागनिहाय लहान तुकड्यांत काढावी लागतील. कोट्यवधींच्या उलाढालीची अट आणि मोठी अनामत रक्कम महिला गटांसाठी नसावी. ज्या गटाला काम मिळेल त्याच्या अध्यक्ष-सचिवांनी स्वतः कार्यालयात येऊन दर कसा काढला ते सांगावे, मजुरीच्या रकान्यासह. खात्याशी आणि नोंदणीशी जोडलेला मोबाइल नंबर त्यांचाच असल्याची तिथल्या तिथे खात्री करावी. काम दुसऱ्याला परस्पर दिले तर ते काढून यादीतल्या पुढच्या गटाला द्यावे. कच्च्या मालासाठी एक तृतीयांश रक्कम आगाऊ मिळावी, कारण सावकाराकडून उचल घेऊन केलेल्या कामात नफा सावकाराचाच होतो. आणि उरलेले बिल ४५ दिवसांत चुकते व्हावे, न झाल्यास व्याजासह. कोणत्या गटाचे किती बिल किती दिवस अडले आहे, त्याची यादी दर महिन्याला महापालिकेच्या राजीव गांधी भवनाच्या दर्शनी फलकावर लावावी, म्हणजे तिच्या पैशासाठी तिला चार वेळा फोन करावा लागणार नाही.